गव्हाणेभाऊंनी घातलेली भर

गव्हाणेभाऊ कुठल्याही खोलीत शिरले की लगेच बसत नसत. दारातच उभे राहायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि दोन-तीन श्वास होईपर्यंत तसेच थांबायचे. नवख्या माणसाला वाटे, यांना चक्कर आली असावी. एकदा एका कचेरीत साहेबांनी विचारलं, "काय बघताय?" भाऊ म्हणाले, "बघत न्हाई साहेब. तुमच्या कपाटात उंदरीण व्यायलीय." शिपायानं फायली हलवल्या तर खरोखरच गुलाबी पिल्लं निघाली. साहेब हसले, शिपाई हसला, मीही हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांना ऐकू येई ते बहुतेक वेळा हसण्यासारखं नसे.

अंबाजोगाईला बी-बियाण्याच्या एका दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत मी फिल्मचं चित्र कापून जोडायची, दुसरीत मोतीराम गव्हाणे आवाज लावायचे. तिला आम्ही स्टुडिओ म्हणायचो, पण त्यातलं स्टुडिओसारखं काही असेल तर भाऊंचे कान. भिंतींना त्यांनी जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, छताला पोती. आत गेलं की आपलाच घोट आपल्याला ऐकू यायचा. दूध संघ, पाणलोटाची कामं, सहकारी संस्थांचे रौप्यमहोत्सव यांचे माहितीपट आमच्याकडे यायचे. कधीमधी पुण्याहून एखाद्या चित्रपटाचं उरलंसुरलं कामही.

त्याआधी भाऊंनी अठरा वर्षं मुंबईत पावलं वाजवली होती. चित्रीकरणाच्या वेळी जे आवाज नीट मिळत नाहीत ते नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणीतरी करावे लागतात. नायिकेच्या बांगड्या, जिना उतरणारे बूट, ताटावर ठेवलेली वाटी. ते करणारा माणूस म्हणजे भाऊ. ते म्हणायचे, "कितीतरी हिरोंचे पाय माझे हायत, ताई." आई अंथरुणाला खिळली तेव्हा ते घाटनांदूरला परत आले आणि ती गेल्यावरही परत गेले नाहीत. रोज सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला यायचे. खिशात किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत. वाजेल असं काहीच अंगावर नाही. सदरा धुऊन धुऊन मऊ झालेला, पायात रबरी तळव्याचे कापडी बूट. ते मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही, आणि बोलायचे तर इतकं कमी की कधीकधी दुपारच्या चहापर्यंत त्यांचं पहिलं वाक्य यायचं.

मुलाखती साफ करताना सगळेजण मधले श्वास, खाकरणं, घोट गिळणं काढून टाकतात. भाऊ श्वासाला हात लावू द्यायचे नाहीत. "श्वास काढला की माणूस मेल्यावानी बोलतं," म्हणायचे. एका दूध संस्थेच्या बाई सभासदांना मी प्रश्न विचारला होता की गेल्या उन्हाळ्यात किती जनावरं विकली. उत्तर द्यायच्या आधी त्या बराच वेळ गप्प होत्या. चित्र लांबतंय म्हणून मी ती शांतता कापली. भाऊंनी ती परत जोडली आणि मला बोलावलं. "इथं ऐका. इथं आवंढा गिळलाय. बाईनं आकडा कमी करून सांगितलाय." पुढं कळलं, खरंच कमी करून सांगितला होता, नवऱ्यालाही तितकाच सांगितला होता.

ग्राहकाच्या आग्रहानं जे काढावंच लागे तेही ते फेकत नसत. संगणकात त्यांची एक फाइल होती, तिचं नाव 'उरलेलं'. खोकले, हुंदके, दारांची करकर, कुणीतरी कुजबुजून म्हटलेलं 'बास आता', असं सगळं एकापाठोपाठ एक. ती फाइल त्यांनी मला एकदाच ऐकवली. अर्ध्यावर मी हेडफोन काढून ठेवला. त्या खोलीत न दिसणारी माणसं गोळा झाल्यासारखं वाटलं मला. "कावून काढला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भीती वाटली. ते म्हणाले, "मला पण वाटती. म्हणून तर ठेवतो."

पावसाची गोष्ट त्याच सुमाराची. सलग तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. पुण्याच्या एका दिग्दर्शकाला शेवटच्या प्रसंगात पत्र्यावर पडणारा पाऊस हवा होता. भाऊंनी सुपातून ज्वारी पत्र्यावर सोडली, खाली ओलं पोतं अंथरलं, आणि लांबून हात हलवत हलवत असा पाऊस पाडला की मी आत काम करताना खिडकीतून वाळत घातलेला टॉवेल काढायला उठले. उकाड्यामुळं खिडक्या उघड्या होत्या. खाली दुकानात गिऱ्हाईकं होती. दोन मिनिटांत जिना वाजला आणि एक म्हातारा शेतकरी दारात येऊन उभा राहिला. डोक्याचा पटका हातात घेतलेला. आधी पत्र्याकडं बघितलं, मग सांडलेल्या ज्वारीकडं.

"तुमी वाजवलं व्हय हे?"

"हौ."

"खालची सगळी रस्त्यावर जाऊन वर बघायलीत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "खोटं पाणी वाजवू नका भाऊ. लई पाप हाय."

भाऊंनी ज्वारीचा दाणा न् दाणा वेचला. दिग्दर्शकाला कळवलं की पाऊस मिळणार नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला: जे घडलंच नाही त्याचा आवाज करायचा नाही. खऱ्या माणसांच्या, खऱ्या गावांच्या फिल्ममध्ये तर नाहीच. हा नियम त्यांनी एकदाच मोडला. तेच मला सांगायचं आहे. त्यात माझाही हात होता, म्हणून इतकी वर्षं सांगायचं टाळत आले.

धर्मापुरीच्या अलीकडं एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या उपसा सिंचन सहकारी संस्थेनं आपली सामाईक विहीर आणखी खोल न्यायचं ठरवलं. तलाव आटला होता, टँकर आठवड्यातून एकदा येत होता. संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब. वाईट माणूस नव्हे. टँकरच्या रांगेत भांडणं होऊ नयेत म्हणून भर उन्हात स्वतः हातात वही घेऊन उभे राहायचे. विहिरीला पाणी लागलं की जलपूजन करायचं, सगळं गाव आणि पाहुणे विहिरीभोवती जमवायचे आणि या कामाची फिल्म तिथंच मंडपात दाखवायची, असं त्यांच्या मनात होतं. फिल्मचं काम आमच्याकडं आलं.

खोदकाम चाँदभाईंकडं होतं. विहिरी खोदणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पन्नाशीचा, खांद्यांनी रुंद, बोलताना एक डोळा बारीक करणारा माणूस. त्यांच्याबरोबर त्यांचा मेहुणा इलाही, चौसाळ्याचा. भाऊंचं आणि चाँदभाईंचं पहिल्याच दिवशी जमलं, कारण दोघंही दगडावर बोट वाजवून बघायचे. चाँदभाई म्हणाले, "हा दगड बोलतो बघा भाऊ, हा मुका हाय. मुक्यात सुरुंग घालायचा न्हाई." भाऊंनी त्यांना हेडफोन घालून विहिरीचा तळ ऐकवला, तर गडी पोरासारखा खूश झाला.

आम्ही तीनदा चित्रण केलं, साधारण महिन्या-महिन्याच्या अंतरानं. दर वेळी जेवणाच्या सुट्टीत माती-दगड वर ओढायची यारी बंद असताना भाऊ माइक विहिरीत सोडायचे आणि सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या विहिरीचा आवाज घ्यायचे. फिल्म जोडताना बोलण्यामागं पसरायला तो लागतो.

तिसऱ्या फेरीला पाणी लागलं होतं. तळाला गुडघाभर. आप्पासाहेबांनी ओंजळीत घेऊन ते डोळ्यांना लावलं, आणि माझ्या कॅमेऱ्यात ते छान आलं. पुढच्या दहा दिवसांत फिल्म हवी होती.

आवाज लावायला घेतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "ताई, जरा येता का?"

त्यांनी मला 'उरलेलं' दाखवलं. विहिरीच्या आवाजातले बारीक टकटक डाग त्यांनी नेहमीप्रमाणं साफ करून तिथं टाकले होते. कुठं माइकला धक्का लागला असेल, कुठं वायर हलली असेल, असं समजून. पहिल्या फेरीचे दोन-चार डाग. दुसऱ्या फेरीचे बरेच. तिसऱ्या फेरीचे संपतच नव्हते.

"हे डाग न्हाईत," भाऊ म्हणाले. "हे खडे हायत. कडंचा मुरूम सुटायलाय."

मला आधी काहीच कळलं नाही. मग त्यांनी एकेक थर बाजूला केला. वारा काढला, कावळे काढले, लांबच्या ट्रॅक्टरची धडधड काढली. मागं उरलं ते पाण्यात पडणाऱ्या खड्यांचं टुप, टुप, टुप. आणि त्याच्याही खाली, जवळजवळ ऐकू न येणारी एक घरघर, जात्यात काही न टाकता ते फिरवावं तशी. कुणी काम करत नव्हतं त्या वेळची.

"ही घरघर कशाची?"

"मागं माती सरकायलीय." त्यांनी हेडफोन काढला. "जलपूजनाला सगळा गाव काठावर उभा करणार हायत ते."

फोन केला. आप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गव्हाणे, इंजिनिअर बघून गेलेत. तुमी आवाज साफ करा, विहिरीचं आमी बघतो."

आम्ही दुपारच्या जीपनं गावात गेलो. भाऊंनी बरोबर यंत्र घेतलं होतं. संस्थेच्या कचेरीत आप्पासाहेबांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, अगदी मनापासून ऐकलं. मग काढून हातात दिला. "बेडकं असतेल. पाणी लागलं की बेडकं येतेत. तीन वर्षांनी गावात चांगला दिवस उगवायलाय गव्हाणे, त्याला दृष्ट लावू नका."

विहिरीवर चाँदभाईंनीही ऐकलं. बारीक केलेला डोळा तसाच बारीक राहिला.

"मालूम हाय भाऊ," शेवटी म्हणाले. "पायाखाली कळतं आपल्याला. बांधकाम करून घ्या म्हणलतो मी आप्पाला. पूजा झाल्यावर करू म्हणलेत."

"मग उतरू नका तुमी."

"पंप बसवायचा राहिलाय. ज्याला हात घातला ते अर्धं टाकून कसं जाऊ?"

परतीच्या जीपमध्ये भाऊ खिडकीबाहेर बघत होते. कोरड्या ओढ्यावरच्या पुलावर गाडी आली तेव्हा म्हणाले, "लोकाला ऐकवलं पायजे." मी म्हटलं, ऐकवलं की आत्ता दोघांना. ते म्हणाले, "दोघाला न्हाई. सगळ्याला."

त्यांनी ठरवलं ते मला सांगितलं, लपवलं नाही. मंडपात फिल्म लागणार होती, मोठे कर्णे असणार होते. फिल्मच्या सुरुवातीला, ओंजळीतलं पाणी दिसतं तिथं, संगीताच्या जागी विहिरीचा आवाज लावायचा. पण अडचण अशी होती की तो आवाज हेडफोनवरच कळायचा. मंडपातल्या कर्ण्यांवर लावून पाहिलं असतं तर नुसती खरखर ऐकू आली असती. आमच्या साध्या स्पीकरवरही तेच झालं. भाऊ दोन दिवस तो वाढवत, घासत, पुसत बसले. तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा खोलीच्या मधोमध लोखंडी घमेलं होतं, त्यात मुरूम, बाजूला पाण्याची बादली आणि ओली पोती. भाऊ गुडघ्यांवर बसले होते. घमेलं तिरपं करून मुरूम हळूहळू घरंगळवत होते, मधूनच मूठभर खडे पाण्यात सोडत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

माझ्याकडं न बघताच म्हणाले, "भर घालतोय थोडी. हाय तेच हाय, फक्त मोठं करतोय."

मी त्यांना थांबवलं नाही. तयार झालेला आवाज ऐकला तेव्हा पायाखालची फरशी खचल्यासारखं झालं. खरा कुठं संपतो आणि घमेल्याचा कुठं सुरू होतो, हे मलाही सांगता आलं नसतं.

जलपूजनाच्या दिवशी सकाळी अकराला मंडप भरला. विहीर मंडपाला लागूनच. बायका नवी लुगडी नेसून, डोक्यावर हंडे घेऊन आधीच काठाभोवती दाटीनं उभ्या होत्या. दोरानं शेंदलेलं पहिलं पाणी त्यांच्या हंड्यांत पडायचं होतं. भाषण झालं, फिल्म सुरू झाली. आप्पासाहेबांची ओंजळ पडद्यावर आली आणि कर्ण्यांतून विहीर ढासळायला लागली.

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग एक बाई किंचाळली, "आगं पळा, विहीर चालली!" हंडे खाली पडले. काठावरची सगळी गर्दी मागं लोटली, मंडपाचा एक खांब आडवा झाला, एक म्हातारी पडून तिचं मनगट मोडलं. अर्ध्या मिनिटात विहिरीभोवती कुणी उरलं नाही. फक्त हंडे गडगडत होते. भाऊ यंत्राजवळ उभे होते, दोन्ही हात टेबलावर टेकवून. त्यांनी आवाज बंद केला. विहीर होती तिथंच होती.

त्या दिवशी पूजा झाली नाही. चाँदभाईंनी आपली माणसं वर काढली आणि पंपाचं काम थांबवलं. भाऊ घाटनांदूरला गेले ते दोन दिवस आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेब दोन संचालकांना घेऊन आमच्या जिन्यावरून वर आले. मी एकटी होते. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. पाणी मागितलं, प्याले.

"ताई, तुमी मास्तराची लेक. तुमी खोटं बोलणार न्हाईत. तो आवाज विहिरीचाच व्हता का?"

मी म्हटलं, "विहिरीचाच होता. पण त्यात गव्हाणेभाऊंनी थोडी भर घातली होती."

"भर मंजी?"

घमेलं कोपऱ्यात होतं. माझी नजर तिकडं गेली आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते उचललं, तिरपं केलं. आत राहिलेला मुरूम घरंगळला. तोच आवाज. एक संचालक खो खो हसला.

"आप्पासाहेब, खालचा आवाज खरा आहे," मी म्हणत होते. "थांबा, मी वेगळा करून ऐकवते. खडे खरे आहेत."

पण त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. ते जिना उतरत होते, आणि घमेलं त्यांनी बरोबर नेलं.

त्या घमेल्याचं गावात काय झालं हे मला पुढं इलाहीनं सांगितलं. पारावर दिवसभर ते फिरत होतं. जो तो तिरपं करून वाजवायचा आणि हसायचा. पोरं 'विहीर चालली' म्हणत एकमेकांच्या मागं पळायची. चाँदभाईंपुढंही कुणीतरी ते नेऊन वाजवलं. त्यांनी ऐकलं, भाऊंनी हेडफोनवर ऐकवलेलं त्यांना आठवलं असणार, पायाखालचंही आठवलं असणार. पण भरल्या पारावर माणसानं किती वेळ एकटं उभं राहायचं? म्हणाले, "उद्या पाइप जोडून टाकू."

विहीर गेली ती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला. पूर्वेची सगळी कड एकदम. खाली दोघंच होते, चाँदभाई आणि इलाही.

फोन मलाच आला. मी भाऊंना घाटनांदूरला कळवलं. ते कुठल्याशा मोटारसायकलवर बसून माझ्या आधी पोचले होते. मी स्टुडिओतला माइक आणि हेडफोन घेऊन गेले तेव्हा सगळं गाव लांब उभं होतं, आणि खोदाईचं यंत्र काठाजवळ नेता येत नव्हतं, कारण उरलेली कडही भेगाळली होती. पंपाचा लोखंडी पाइप तेवढा ढिगाऱ्यातून वर आलेला होता. भाऊ पोटावर सरपटत त्याच्यापर्यंत गेले, पाइपाला माइक बांधला आणि हेडफोन लावला. मग एक हात वर केला.

सगळं गाव गप्प झालं. आदल्याच दिवशी हसलेलं तेच गाव. लेकरं आयांनी छातीशी धरली. आप्पासाहेब डोक्याला हात लावून मातीत बसले होते.

"हाय," भाऊ म्हणाले. "दोन हायत. एक लोखंडावर वाजवायलाय. दुसरा दगडावर दगड."

लोखंडावरचा जवळ होता. दोरांना बांधून माणसं उतरली आणि हातांनी, टोपल्यांनी ढिगारा उपसायला लागली. भाऊ वरून सांगत होते, डावीकडं, आणखी डावीकडं, हळू. चारच्या आसपास इलाहीला वर काढलं. कमरेखाली सगळं मोडलेलं, पण डोळे उघडे.

त्याला घेऊन जीप गेली तेव्हा मी भाऊंच्या शेजारी सरपटत जाऊन पोचले होते. त्यांनी हेडफोन कानांवरून काढला, पुन्हा लावला. पाइपावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. खालून कुणीतरी ओरडून विचारलं, "भाऊ, चाँदभाई वाजवायलेत ना?"

"वाजवायलेत," भाऊ म्हणाले. "थांबू नका. उजवीकडं."

मी हेडफोनची एक बाजू त्यांच्या कानावरून ओढून माझ्या कानाला लावली. पाइपातून पाणी ठिबकत होतं, बाकी काहीही नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"हाय का अजून?" आप्पासाहेबांनी मागून विचारलं. आवाज फाटलेला. ते माझ्याकडं बघून विचारत होते.

मी म्हटलं, "आहे."

दिवस मावळायच्या आत चाँदभाई सापडले. उजव्या मुठीत दगड होता. तो सोडवायला दोन माणसं लागली.

चाँदभाईंचं चाळिसावं होऊन गेल्यावर एके दिवशी भाऊ स्टुडिओत आले, आपले कापडी बूट आणि डबा घ्यायला. मी त्यांना सगळं सांगितलं. घमेलं माझ्यामुळं गेलं हेही. ते ऐकत उभे होते.

"तुमी खरंच बोललात," ते म्हणाले.

"मी बोलायला नको होतं."

"मी भर घातली नसती तर तुमच्यावर ती पाळी आली असती का?" मग म्हणाले, "खडे खरे व्हते ताई. नुसते तेवढेच लावले असते तर चार माणसं तरी जवळ येऊन कान देऊन बसली असती. मी घाई केली."

मी विचारलं, त्या दिवशी दगडाचा आवाज कधी थांबला? खोलीच्या भिंतींवरच्या गोधड्या काढून त्यांनी घडी घातली, आणि त्या मात्र ठेवून गेले. पुन्हा त्यांनी आवाजाचं काम केलं नाही. माझ्या माहितीत तरी नाही.

दोन वर्षांनी मी सोलापूरला निघाले होते. चौसाळ्याला गाडी चहासाठी थांबली. समोर बीडकडं जाणारी एसटी उभी होती, आणि तिच्या दारात गव्हाणेभाऊ एका कुबड्या घेतलेल्या माणसाला वर चढवत होते. इलाही. तपासणीला नेत होते. भाऊ आता चौसाळ्यातच त्याच्या घराशेजारी राहतात, हे मला तिथंच कळलं. केस पांढरे झालेले. मी हाक मारली तेव्हा वळले, हसले, आणि बोलायला लागले. चाऱ्याच्या छावणीबद्दल, इलाहीच्या मुलीच्या शाळेबद्दल, रस्त्याच्या कामाबद्दल, कालच्या भाजीबद्दल. मला एक शब्द बोलायला जागा नाही. माझी विचारपूससुद्धा त्यांनी स्वतःच केली आणि स्वतःच उत्तर दिलं. मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काम केलं. त्या सगळ्या वर्षांत मिळून ते इतकं बोलले नसतील.

कंडक्टरनं घंटी मारायच्या आधी ते काहीतरी घ्यायला टपरीवर गेले तेव्हा इलाही खिडकीतून खाली वाकला.

"ताई, तुमी तरी सांगा त्यांना," तो म्हणाला. "दिवसभर असंच बोलतेत. जरा गप बसू म्हणलं तर घाबरतेत. झोपेपर्यंत माझ्यापाशी बसून बोलतेत."

भाऊ बिस्किटांचा पुडा घेऊन आले, जाता जाता मला काहीतरी सांगत चढले आणि इलाहीशेजारी बसले. धूळ येते म्हणून त्यांनी खिडकीची काच लावून घेतली. गाडी हलली. काचेआड त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि इलाही मान हलवत होता. महामार्गाच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली तोवर ते बोलतच होते.